एकेचाळीस नंबरचा सभासद

आमच्या वाचनालयात लोक पुस्तकं सोडून बाकी सगळ्या कामांसाठी येतात. मोबाइल चार्ज करायला येतात. अमरावतीची बस चुकली की पंख्याखाली बसायला येतात. कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं काम मला न विचारता मला मिळतं. भाजीवाली शकुनमावशी उरलेल्या वांग्यांची टोपली दारामागे ठेवून जाते आणि सकाळी दोन वांगी कमी का म्हणून माझीच उलटतपासणी घेते. पीकविम्याचा फॉर्म मी भरायचा, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मी काढायचा, नातवाचं नाव काय ठेवावं हेही मीच सांगायचं.

मी रागिणी, भातकुलीच्या ज्ञानवर्धक सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल, झाडूवाली, पाणी भरणारी आणि बोलणी खाणारी, ही चारही पदं एकाच बाईत भरलेली आहेत.

यातलं काहीही मला चालतं. मला चालत नाही तो ओटा. वाचनालयासमोर दगडी ओटा आहे, पिंपळाच्या सावलीत, आणि गावातली जितकी म्हणून रिकामी माणसं आहेत ती सगळी त्या ओट्यावर जन्मली असावीत. आत वीस खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात, पाटलाच्या पोरीच्या सासरचं बोलतात, आणि मी बाहेर येऊन ओरडले की दोन मिनिटं उठल्यासारखं करतात. ओट्यावरच्या भिंतीवर, दारातून आतही दिसेल अशी, नियमांची पाटी आहे. सत्तावीस नियम, ऑइलपेंटनं लिहिलेले. चौथा नियम लाल रंगात: ओट्यावर बसू नये. दिवसातून दहा वेळा मी त्या पाटीकडे बोट दाखवते. पाटीखालीच पाठ टेकून बसलेल्या माणसाला ती दिसत नाही, त्याला मी काय करणार?

पाटी लावली आमच्या अध्यक्षांनी, केशवरावांनी. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले हे गृहस्थ तिथून नुसतेच घरी आलेले नाहीत, सोबत अख्खं तहसील घेऊन आलेत. त्यांचे आजोबा जानरावजी यांनी १९३८ साली हे वाचनालय काढलं. नियम बहुतेक आजोबांच्या हातचे, लाल रंगातला चौथा तेवढा नातवाचा. केशवराव वाईट माणूस नाहीत. पण त्यांना एक ग्लास पाणी मागितलं तरी ते कोणत्या नियमाखाली द्यायचं याचा विचार करतील. भीक नको पण कुत्रं आवर, असं मला रोज एकदा तरी वाटतं.

आणि केशवरावांच्या खिशात एक किल्ली असते. काचेच्या कपाटाची. त्या कपाटात तांबड्या कापडात घट्ट बांधलेलं एक गाठोडं आहे. ते जानरावजींच्या हातचं पहिलं सभासद रजिस्टर. दर दसऱ्याला ते सरस्वतीच्या फोटोपुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आपट्याची पानं ठेवतात, नारळ फोडतात आणि गाठोडं परत कपाटात जातं. कापड कधी सोडत नाहीत. मी अकरा वर्षांपासून इथे आहे, मी त्या रजिस्टरचं पान पाहिलेलं नाही. केशवरावांनीही पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आबाजींचं, म्हणजे जानरावजींचं, अक्षर आहे, हात लावू नका. म्हणून नाही लावला.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी सकाळी एक मुलगी आत आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाइल. तिचे आजोबा बाहेर ओट्याच्या पायरीवर थांबले. मला वाटलं चपला काढताहेत. पण ते चपला न काढताच उभे राहिले. मी आत या म्हटलं तर म्हणाले, "मी अथीच बरा हाव, बाई."

मुलीचं नाव प्रियदर्शनी तायडे. तिला मी ओळखत होते, दोन वर्षं ती इथेच कोपऱ्यात बसून परीक्षेचा अभ्यास करायची. म्हणजे वीस खुर्च्यांपैकी एक खुर्ची दोन वर्षं तरी कामी आली होती. तिचा अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला होता, पण जातीच्या वैधता प्रमाणपत्राच्या बोलीवर. ते वेळेत दाखल झालं नाही तर जागा जाणार. वर्गातल्या बाकीच्यांनी गणवेश शिवायला टाकले होते, हिनं अजून मापही दिलं नव्हतं.

घोळ असा होता. जात पडताळणी समितीला १९५० च्या आधीचा, जात लिहिलेला कागद हवा होता. आजोबा मोतीराम जन्मले १९५२ साली आणि शाळेत गेले ते छप्पनच्या दीक्षेनंतर. त्यामुळे त्यांच्या दाखल्यावर 'बौद्ध', त्यांच्या मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध', हिच्या दाखल्यावर 'बौद्ध'. पणजोबा डोमाजी शाळेत गेलेलेच नव्हते. ते अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि तिथल्या एका मुकादमाकडून अक्षरं शिकले. शाळा नाही म्हणून दाखला नाही. जमीन नाही म्हणून सातबारा नाही. शुक्रवारी अमरावतीला सुनावणी होती, आणि शेवटची संधी म्हणून तारीख दिलेली होती.

"मग माझ्याकडे काय?" मी विचारलं.

उत्तर बाहेरून आलं. "तुमच्या वहीत माह्या बापाचं नाव हाय, बाई," मोतीरामजी म्हणाले. "तो नेहमी सांगे. लायब्ररीच्या वहीत माहं नाव लिवलं हाय, जातीसंगं. तेवढं पान आमाले पाह्यजे."

मी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. माझं डोकं तेव्हापासूनच दुखायला लागलं.

केशवराव दुपारी आले. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, पोरगी हुशार आहे म्हणाले, आणि मग सांगितलं की दसऱ्याला पूजेच्या वेळी काढू. दसऱ्याला तीन आठवडे होते. सुनावणी तीन दिवसांवर. मी म्हटलं, काका, वरातीमागून घोडं नेऊन काय करायचं? ते म्हणाले, परंपरा आहे. प्रियदर्शनी तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "दसऱ्याले आमी नागपूरले असतो काका. आन माही तारीख शुक्रवारी हाय."

मग मी भांडले. पुस्तकं वाचायची असतात की पुजायची, असं विचारलं. उघडायची नाही ती वही कशाला, वीट ठेवली असती तरी चाललं असतं, असंही बोलून गेले. त्यांना ते लागलं. ते उठून जायला निघाले. मग मी दुसरा सूर काढला. कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागल्यासारखी दिसते, गाठोडं एकदा तपासलेलं बरं, नाहीतर दसऱ्याला जानरावजींच्या अक्षराऐवजी मातीचं पूजन करावं लागेल. वाळवी नव्हती. पण तहसीलमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस वाळवी या एका शब्दाला भितो. बुधवारी सकाळी नऊला गाठोडं सोडायचं ठरलं, तेही उदबत्ती लावून आणि नारळ ठेवून.

बुधवारी नऊ वाजता नारळ आला, उदबत्ती आली, गाठ काही सुटेना. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि नारळाचं पाणी पिऊन ती गाठ दगड झाली होती. शेवटी मी कात्री लावली. केशवरावांनी डोळे मिटले. कापडातून आपट्याच्या पानांचा चुरा आधी निघाला, दोन सुपं भरेल इतका. त्याखाली वही. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं: पाणक्या दामू याचे हजेरीबुक, सन १९५८.

मी दुसरं पान उघडलं. दामू हजर. दामू हजर. दामू गैरहजर, ताप. दामू हजर. अशी दोनशे पानं.

इतकी वर्षं आम्ही पाणक्याच्या हजेरीला हळदकुंकू वाहत होतो. मला हसू आलं आणि ते आवरेना. प्रियदर्शनी हसली नाही. ती खुर्चीत बसली आणि फाइल छातीशी धरून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली, तेव्हा माझं हसू जागीच मेलं. केशवरावांचा चेहरा उतरला होता, पण हरतील तर ते केशवराव कसले. म्हणाले, "तरी जुनंच आहे ना." मला त्या क्षणी तो नारळ त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

मग खरं रजिस्टर कुठे? दिवसभर आम्ही वाचनालय उलथंपालथं केलं. माडीवरची लोखंडी पेटी उपसली. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे निघाले, एका मंत्र्यांच्या सत्काराचा वाळलेला हार निघाला, माझ्या आधीच्या ग्रंथपालाचा चष्मा निघाला. रजिस्टर नाही. केशवराव दर पंधरा मिनिटांनी सांगत होते की या गावात कुणाला वस्तूची किंमत नाही, वारसा म्हणजे काय हे कळत नाही, ज्यानं कुणी ती वही हलवली त्याचं भलं होणार नाही. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. खरंच चीड आली होती. कोण अशा वह्या उचलून नेतं? कुणी रद्दीत घातली असेल? आणि एक बेअक्कल माणूस निघतो, त्यापायी एका मुलीचं वर्ष जातं.

चार वाजता लाइट गेली. आली तेव्हा कूलर नेहमीसारखा थरथरला आणि पुढच्या डाव्या पायावर हलला. मी त्याच्याकडे पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कूलरच्या लोखंडी स्टँडचा एक पाय गंजून तुटला होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मिस्त्री येतो येतो म्हणून आलाच नाही. मी वैतागून माडीवर गेले, पेटीतून सगळ्यात जाड, पुठ्ठा फाटलेली, कुणाच्याही उपयोगाची नसलेली एक वही उचलली आणि पायाखाली सरकवली. उघडून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, राहू दे, जमून गेलं.

मी. अकरा वर्षं या गावाला वाचत नाही म्हणून शिव्या देणारी मी.

मला इतकी लाज वाटली की आधी कुणाला सांगूच नये असं वाटलं. मग गुडघ्यावर बसले आणि प्रियदर्शनीला म्हटलं, कूलर धर. केशवरावांनी दुसरी बाजू धरली. वही ओढली तेव्हा खालचा पुठ्ठा फरशीलाच चिकटून राहिला. कडा भिजून काळ्या पडल्या होत्या, शेवटची वीस-पंचवीस पानं लगदा झाली होती. पण वही वरून खाली भिजत गेली नव्हती, खालून वर भिजली होती. पहिली पानं शाबूत होती. पहिल्याच पानावर सुंदर वळणदार अक्षरात होतं: ज्ञानवर्धक वाचनालय, भातकुली. सभासद नोंदवही.

केशवरावांनी त्या अक्षराला नमस्कार केला. मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नाव एकेचाळिसाव्या ओळीत होतं. प्रियदर्शनीनंच शोधलं. डोमाजी वल्द गणू तायडे. जात महार. धंदा मजुरी, जिनिंग. तारीख ७ मार्च १९४८. तिनं बोट ठेवून एकेक रकाना मोठ्यानं वाचला, बाहेर पायरीवर उभ्या असलेल्या आजोबांना ऐकू जावं म्हणून. शेवटचा रकाना 'शेरा' होता. तोही ती त्याच आवाजात वाचून गेली आणि वाचून झाल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं ते.

पुस्तक ओट्यावरूनच द्यावे. आत घेऊ नये.

मी दाराकडे पाहिलं. मोतीरामजी तिथेच उभे होते, कालच्याच जागेवर. ते इतकंच म्हणाले, "हो. असंच सांगे तो."

ज्या ओट्यावरून लोकांना हाकलण्यात माझी अकरा वर्षं गेली त्याच ओट्यावर एका माणसाला बसवून ठेवलं होतं, आणि तसं लिहूनही ठेवलं होतं, किती सुबक अक्षरात! आणि जात लिहिलेल्या त्याच ओळीमुळे आज त्याच्या पणतीच्या हाती कागद लागला होता. मला त्या वहीचा रागही आला आणि ती सापडली म्हणून रडूही आलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस काहीच करत नाही. मी पंखा कमी केला.

मी म्हटलं, सही-शिक्क्याची नक्कल देऊ, आणि समितीनं मागितलीच तर मूळ वही घेऊन शुक्रवारी मी स्वतः येते. झेरॉक्सला न्यायला वही कागदात गुंडाळू लागले, तर केशवरावांनी हात आडवा केला. नक्कल द्यायला हरकत नाही म्हणाले. फक्त शेवटचा रकाना झाकून काढू. जातीचा रकाना दिसतो, तारीख दिसते, काम होतं, मग आबाजींचं ते वाक्य कशाला गावभर करायचं? त्या काळी सगळीकडे तसंच होतं.

मी म्हटलं, झाकलेला कागद समिती उचलून फेकेल. खरं म्हणजे फेकेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण झाकायचं नाही हे मला माहीत होतं.

प्रियदर्शनी उठली. "काका, झाकलेलं नको मले," ती म्हणाली. "माह्या पणज्याले तेवढं एकच वाक्य भेटलं तुमच्याकडून. तेबी खोडता का?"

केशवराव खाली बसले. मग त्यांनी तेच केलं जे अडचणीत सापडलेला कारकून करतो. पाटीकडे पाहिलं. नियम क्रमांक चौदा: नोंदवहीची नक्कल केवळ सभासदास मिळेल. ही मुलगी अभ्यासाला यायची, पण अभ्यासिकेत, सभासद नाही. मी म्हटलं, मग आत्ता करून घेते. नियम सतरा: नवीन सभासदाचा अर्ज कार्यकारिणीच्या मासिक बैठकीत ठेवावा. बैठक महिनाअखेर. मी ती पाटी आतापर्यंत फक्त चौथ्या नियमापुरती वाचली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचली, दात ओठ खात, आणि नववा नियम सापडला. सभासदाच्या पश्चात त्याच्या वारसास सभासदत्व आपोआप लागू राहील. जानरावजींनी आपल्या घरच्यांसाठी घातलेला असणार तो. पण लिहिताना त्यांनी नाव कुणाचं घातलं नव्हतं.

"डोमाजींचं सभासदत्व रद्द केल्याची नोंद दाखवा," मी म्हटलं.

केशवरावांनी एकेचाळिसावी ओळ तीन वेळा पाहिली. रद्द नव्हतं. ओट्यावर बसवलं होतं, पण काढलं नव्हतं. म्हणजे मोतीरामजी गेली कित्येक वर्षं आमचे सभासद होते आणि हे फक्त आम्हालाच माहीत नव्हतं. मी जिंकले असं मला वाटलं, पण तहसीलचा माणूस एवढ्यावर थोडाच मरतो. त्यांनी वहीतली पुढची शाबूत पानं उलटली, देवघेवीची. डोमाजींनी एकूण तीन पुस्तकं नेली होती. दोन परत. तिसरं, क्रमांक एकशे बारा, २ ऑगस्ट १९४८ रोजी नेलेलं. त्यापुढचा रकाना कोरा. नियम बावीस: पुस्तक परत न करणाऱ्या सभासदास कोणताही कागद देण्यात येऊ नये.

मी हातातलं पेन टेबलावर आपटलं. मी म्हटलं, काका, ज्याला आत येऊ दिलं नाही त्यानं पुस्तक परत कुठे करायचं? पिंपळाला द्यायचं? माझा आवाज चढला तसे ओट्यावरचे रिकामटेकडे खिडकीशी जमा झाले. केशवरावांचाही आवाज चढला. ते म्हणत होते, मी नियम केलेला नाही. मी म्हणत होते, मग मोडा. ते म्हणाले, आजपर्यंत एक नियम मोडलेला नाही. हे ऐकून मला त्यांची कीवही आली, पण थोडीच.

या गोंधळात मोतीरामजी कधी निघून गेले ते कुणाला दिसलं नाही. प्रियदर्शनी त्यांच्या मागे पळाली.

गुरुवारी सकाळी मी कुलूप उघडायला आले तर आजोबा आणि नात आधीच पायरीवर हजर. केशवरावही आलेले, नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी, डोळे सुजलेले. मोतीरामजींच्या हातात पांढऱ्या रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी बाहेरूनच हात लांब केला आणि ते माझ्यापुढे धरलं. विहिरी कशा खणाव्यात, पाणी कुठे लागतं, यावरचं एक जुनं पुस्तक. पहिल्या पानावर आमचा गोल शिक्का, क्रमांक ११२. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर होतं, आणि बरोबर मधे एका पानाचा कोपरा दुमडलेला.

मी विचारलं, परत का नाही केलं त्यांनी?

मोतीरामजींनी सांगितलं. तिसऱ्या पुस्तकाची मुदत भरली म्हणून डोमाजी ते परत द्यायला आले तेव्हा ओट्यावर कोणीतरी पाहुणे बसले होते. त्यांना सांगितलं, पुस्तक खाली मातीत ठेव आणि जा, आम्ही उचलून घेऊ. डोमाजींनी पुस्तक मातीत ठेवलं नाही. परत घरी घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत. "पुढचं वाचलंबी नाई त्यानं," मोतीरामजी म्हणाले. "म्हने, परत कराचं हाय ते, आपलं नाई. कुठं ठेवाचं, म्हनून पेटीत ठेवलं. मंग तुमी लिवून घ्या आता, परत म्हनून."

मी नोंदवही उघडली. कोऱ्या रकान्यात बॉलपेननं लिहिलं: परत. आजची तारीख. सही. केशवरावांकडे वही सरकवली. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग खिशातून शाईचं पेन काढलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली, आणि मग मी काही म्हणायच्या आत नकलेच्या प्रत्येक पानावर सही आणि शिक्का मारला. शेऱ्यासकट. शिक्का वाकडा उमटला तर त्यांनी दुसरा मारला.

शुक्रवारी मी मूळ वही पिशवीत घालून अमरावतीला गेले. टेबलामागच्या बाईंनी जातीचा रकाना पाहिला, तारीख पाहिली, मग शेरा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. प्रश्न विचारले नाहीत. प्रमाणपत्र दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात आलं. प्रियदर्शनीनं अकोल्याहून गणवेशातला फोटो पाठवला, माप जरा ढगळ झालं होतं.

दसऱ्याला केशवरावांनी विचारलं, पूजेला आता काय मांडायचं? मी म्हटलं, नोंदवही मांडा, पण उघडी. एकेचाळिसावी ओळ वर ठेवून. त्यांनी मांडली. कुंकू वाहिलं नाही, पानावर डाग पडतील म्हणाले. दामूचं हजेरीबुकही त्यांनी शेजारी ठेवलं. इतक्या वर्षांची सवय.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मोतीरामजी आले. पेढ्यांचा पुडा पायरीवरूनच माझ्या हातात दिला. मग जरा घुटमळले. म्हणाले, "बाई, मी सभासद हाव म्हनता तं ते विहिरीचं पुस्तक मले पुन्हा भेटन का? बापाचं अर्धंच झालं होतं."

मी केशवरावांकडे पाहिलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं. आता हे एखादा नियम काढणार, असं मला वाटलं आणि माझ्या कपाळावर आठी चढायला लागली. "दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर देता येते," ते म्हणाले. "नियमात बसते."

मी नोंद केली. क्रमांक ११२, मोतीराम डोमाजी तायडे. शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. पुस्तक हातात दिलं. मोतीरामजींनी ते कपाळाला लावलं, वळले, आणि पिंपळाच्या सावलीत ओट्यावर बसून दुमडलेलं पान उघडलं. तिथे बसलेल्या खर्रावाल्यांनी सरकून जागा दिली.

मी सवयीनं पाटीकडे बोट उचललं आणि परत खाली घेतलं. दिवसातून दहा वेळा ओरडणारी मी. कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

केशवराव उठले. दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर, तहसीलमध्ये रांग मोडणाऱ्यावर ओरडायचे तसे.

"ओ मोतीरामजी," ते म्हणाले, "ओट्यावर बसायले मनाई हाय. पाटी दिसून नाई राहिली का तुमाले? चला, आत बसा."

मोतीरामजींनी पाटीकडे पाहिलं. ओठ हलवत चौथा नियम अथपासून इतिपर्यंत वाचला. मग पुस्तकात बोट घालून ते मिटलं, चपला पायरीवर काढल्या आणि आत आले.